इनबॉक्स रिकामा दिसतोय? कॉम्पॅक्टला हात लावू नकोस

फोंड्यात पावसाळ्यात वीज अशी मध्येच जाते की तुझ्या थंडरबर्डची, म्हणजे मेल वाचायच्या प्रोग्रामची, फाइल बिघडून इनबॉक्स रिकामा दिसू लागला, याचं नवल नाही. खातं आयमॅप (मेल सर्व्हरवरच राहतात असं) असेल तर आधी वेबमेल उघडून बघ, मेल तिथे सुखरूप असतील. पॉप (मेल संगणकावर उतरवून घेणारं) असेल तर थंडरबर्ड बंद कर आणि थंडरबर्ड तुझे मेल आणि सेटिंग्ज ठेवतो तो अख्खा प्रोफाइल फोल्डर पेनड्राइव्हवर कॉपी कर. बाकीचे उद्योग नंतर.

प्रोफाइलमध्ये इनबॉक्स नावाची, एक्स्टेन्शन नसलेली फाइल असते. मेल तिच्यात. शेजारची डॉट एमएसएफ ही नुसती सूची, आणि पुष्कळदा बिघडते ती हीच. ती उडव; थंडरबर्ड नवी बनवतो. थंडरबर्डात फोल्डरच्या प्रॉपर्टीजमधलं ‘रिपेअर फोल्डर’ही हेच करतं.

मूळ फाइलच शून्य केबीची असेल तर यातलं काही चालणार नाही, जुना बॅकअप शोध. पण ती भरलेली असूनही मेल दिसत नसतील, तर साध्या टेक्स्ट एडिटरात उघड. डिलीट केलेला मेल फोल्डर कॉम्पॅक्ट होईपर्यंत, म्हणजे थंडरबर्ड तो फाइलमधून कायमचा पुसेपर्यंत, आतच पडून असतो. त्याच्या ‘एक्स-मोझिला-स्टेटस’ (X-Mozilla-Status) या ओळीत ०००८ किंवा ०००९ एवढीच खूण. तिथे ०००० लिही, सेव्ह कर, सूची पुन्हा उडव. फाइल काही जीबींची असली तर नोटपॅड गुदमरेल, दुसरा एडिटर घे.