पोर्टलवर काही दिसतंय का?

फेब्रुवारी उजाडला की माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या बारावीच्या मुलांचे दोन गट पडतात. एक बोर्डाची धास्ती घेतलेला, दुसरा बोर्ड विसरूनच गेलेला. या दुसऱ्या गटाने जानेवारीच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या विद्यापीठांचे अर्ज भरलेले असतात. निकाल मार्चमध्ये, बहुतेकांचे मार्चअखेर. आणि मधल्या काळात प्रत्येकाचा प्रश्न एकच: "मॅडम, आधी काही कळतं का हो?" आईवडीलही तेच विचारतात, फक्त मूल खोलीबाहेर गेल्यावर, आवाज खाली आणून.

उत्तर एका मुलीच्या निमित्ताने देते. ओळख पटेल असं सगळं बदललं आहे, आणि बऱ्याच भेटींतलं बोलणं इथे एकत्र आणलं आहे.

मुलगी हुशार. पहिल्या भेटीत तिनेच माझा तास घेतला. पोर्टलवर, म्हणजे अर्जाची स्थिती दाखवणाऱ्या विद्यापीठाच्या संकेतस्थळावर, आर्थिक मदतीचा नवा टॅब उघडला तर शुभ. माजी विद्यार्थ्याकडून मुलाखतीचं बोलावणं नाही, तर अशुभ. एखादा कागद पुन्हा मागितला म्हणजे फाइल कुणाच्या तरी हातात आहे. मुलं स्वतःच याला थट्टेने 'पोर्टल ॲस्ट्रॉलॉजी' म्हणतात आणि तरीही रोज करतात. त्यात तिच्या ओळखीच्या एका मुलाला फेब्रुवारीतच 'लाइकली लेटर', म्हणजे प्रवेश बहुधा मिळणार असं निकालाआधीच कळवणारं पत्र, आलं होतं. तेव्हापासून तिचं जेवणाखाण्यात लक्ष नव्हतं.

"दिवसातून किती वेळा बघतेस?"

"उठल्या उठल्या. आणि रात्री जाग आली तर. तिकडे तेव्हा ऑफिस चालू असतं ना."

"काही दिसलं नाही की?"

"बरं वाटतं. पाच मिनिटं." मग थांबून म्हणाली, "नाही म्हणाले तरी चालेल मॅडम, पण एकदाचं कळू दे."

हे वाक्य नाटकी नव्हे. २०१६ साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी लोकांना एक खेळ खेळायला लावला होता. पडद्यावरच्या दगडाखाली साप आहे की नाही ते ओळखायचं. साप निघाला तर हाताला विजेचा छोटा झटका. सर्वात जास्त ताण केव्हा आला? झटका नक्की बसणार हे ठाऊक असे तेव्हा नाही. बसेल की नाही याची शक्यता निम्मी-निम्मी असे तेव्हा माणसं सर्वाधिक घामाघूम होत. त्यामुळे "कशाला एवढी काळजी करतेस" असं मी कुणाला म्हणत नाही. काळजी वाटणारच. मला कुतूहल असतं ते त्या काळजीचं पुढे काय केलं जातं याचं.

पुढच्या एका भेटीत ती वही घेऊन आली. मीच मागितली होती. माझी ती जुनी खोड आहे. माणूस बोलताना स्वतःला सावरून घेतो, लिहिताना तितकं जमत नाही. वहीत चार रकाने आखलेले: तारीख, कॉलेज, काय बदललं, अर्थ. पहिले तीन निळ्या पेनाने, सुबक अक्षरात. चौथा पेन्सिलने, आणि कागद तिथे खोडून खोडून पातळ झालेला.

"हा पेन्सिलने का?"

"कारण अर्थ नंतर बदलतो ना."

"कोण बदलतं?"

ती हसली, पण उत्तर दिलं नाही. मी म्हटलं, आता फक्त चौथा रकाना मोठ्याने वाच. तिने वाचायला सुरुवात केली. चांगलं. वाईट. चांगलं असावं. संपलं सगळं. एका ठिकाणी ती अडखळली. दोन कॉलेजांनी तिच्या वडिलांच्या उत्पन्नाचा तोच कागद मागितला होता. एकापुढे लिहिलं होतं 'घेणार म्हणूनच विचारतायत'. दुसऱ्यापुढे, आठवड्याभराने, 'टाळायला कारण शोधतायत'.

मी काहीच बोलले नाही. अशा वेळी गप्प राहणं हे आमच्या कामातलं सर्वात अवघड काम आहे, आणि ते मला आता बऱ्यापैकी येतं. तिने तारखा पाहिल्या. मग बॅगेतून शाळेची डायरी काढून तिथल्या तारखा पाहिल्या.

"त्या दिवशी फिजिक्सच्या सराव परीक्षेचे मार्क मिळाले होते," ती हळूच म्हणाली. "वाईट होते." आणि थोड्या वेळाने: "मॅडम, हे कॉलेजबद्दल नाहीच आहे. हे माझ्याबद्दल आहे."

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारसरणीवर माझा भर आहे हे मला ओळखणाऱ्यांना माहीत आहे. घटना आपल्याला थेट रडवत नाही, आपण तिला दिलेला अर्थ रडवतो, असं एलिस सांगत. हे मी फळ्यावर ए, बी, सी (घटना, तिचा अर्थ, परिणाम) ही त्यांची तीन अक्षरं काढून समजावून सांगू शकले असते. तिला ते तिच्याच पेन्सिलीत सापडलं, आणि म्हणून टिकलं. मला त्या दिवशी जे उमगलं ते थोडं पुढचं होतं. ही मुलं निकालाची चाहूल घेतच नसतात. आज आपण किती लायक आहोत, याचा कौल ती दुसऱ्याच्या दारात जाऊन मागत असतात. आणि दार बंद असल्यामुळे कौल स्वतःच देऊन घरी येतात.

त्यानंतर आम्ही वहीत एकच बदल केला. चौथा रकाना बंद. त्याऐवजी 'आज माझा दिवस कसा गेला' हे एक वाक्य, पोर्टल उघडण्याआधी लिहायचं. पोर्टल बंद करायला मी सांगितलं नाही. सांगून कोण ऐकतं? वाक्य आधी लिहायला लागल्यावर बघणं आपोआप कमी झालं.

आता जे खरोखर ठाऊक आहे ते सांगते, कारण अर्धवट माहितीवरच हे ज्योतिष चालतं. 'लाइकली लेटर' खरं असतं. आयव्ही लीगची, म्हणजे हार्वर्ड, येल वगैरे, आठ विद्यापीठं आणि इतर काही ती पाठवतात. खेळाडूंना ऑक्टोबरपासून, बाकीच्या मोजक्या अर्जदारांना साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये. पण प्रवेश मिळालेल्यांपैकी बहुसंख्यांना असं पत्र कधीच आलेलं नसतं. म्हणजे आलं तर आनंद, नाही आलं तर त्यातून काहीही निघत नाही. मुलाखतीचं बोलावणं तुमच्या भागात माजी विद्यार्थी मोकळा आहे का यावर असतं. आर्थिक मदतीचे कागद मदत मागणाऱ्या सगळ्यांकडेच मागतात. आणि टॅब, रंग, लिंक यांवर तर बोलूच नये. २००९ मध्ये सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाकडून नाकारलेल्या सुमारे २८,००० विद्यार्थ्यांना चुकून स्वागताची ईमेल गेली होती. विद्यापीठाची अधिकृत ईमेल जिथे चुकते, तिथे टॅबची काय कथा!

या काळात हातात असलेली गोष्ट एकच: बारावी. तिकडचा प्रवेश शेवटचे मार्क पाहूनच पक्का राहतो. ते फारच घसरले तर दिलेली जागा काढूनही घेता येते. इथल्या पर्यायांनाही तेच मार्क लागतात. हे ऐकून त्या मुलीने फिजिक्सचं पुस्तक उघडलं, माझ्या भाषणाने उघडलं नसतं.

पालकांना एक विनंती. रोज रात्री "काही कळलं का गं?" विचारू नका. या मुलीच्या बाबांनी विचारायचं थांबवल्यावर ती मला म्हणाली, त्यांना सांगायला काहीतरी असावं म्हणूनही ती शोधत असे. आणि निकालाच्या वेळेचं आधी ठरवा. आयव्ही लीगचे निकाल बहुधा तिकडच्या संध्याकाळी सातला येतात, म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेचार. एमआयटीचा १४ मार्चचा निकाल तर तिकडे ६ वाजून २८ मिनिटांनी येतो. आपल्याकडे १५ तारखेची पहाट, ३ वाजून ५८ मिनिटं. त्या वेळी उठून बघायचं की सकाळी चहा झाल्यावर, शेजारी कोण हवं, आजीला केव्हा सांगायचं, हे त्या रात्री ठरवायच्या गोष्टी नव्हेत. ठरवणारी मुलगी असावी, घरचे नव्हेत.

तिचं काय झालं? पहिल्या पसंतीने नकार दिला. ती दोन दिवस रडली, आणि ते योग्यच होतं. एका ठिकाणी प्रवेश, एका ठिकाणी वेटलिस्ट. एप्रिलमध्ये तिचा फोन आला: "मॅडम, वेटलिस्टवाल्यांनी मला ईमेल केलीय, अजून इच्छुक आहात का म्हणून. याचा अर्थ—" आणि स्वतःच थांबली. मग आम्ही फक्त कामाचं बोललो. वेटलिस्टवर राहायचं असेल तर त्यांना होकार कळवायचा. जिथे जागा मिळाली आहे तिथे १ मेच्या आत पैसे भरून ती पक्की करायची. दोन्ही एकाच वेळी करता येतं, आणि वेटलिस्टची खरी हालचाल बहुतेक वेळा १ मेनंतरच सुरू होते. तिने पैसे २८ एप्रिलला भरले.