लीड्सला येताय? आधी बाटलीची मागची बाजू वाचा

ताई, तुमचा निरोप दोनदा वाचला. ऑगस्टमध्ये मिरजेहून इंग्लंडमध्ये लीड्सला येताय. तुमची हॉस्पिटलातली नोकरी, सोबत मिस्टर, नऊ वर्षांचा मुलगा, पाच वर्षांची मुलगी, आणि दिवाळीनंतर सहा महिन्यांसाठी सासूबाई, ज्या इन्सुलिनवर आहेत. घर, व्हिसा, शाळा हे तुम्हाला बाकीच्यांनी सांगितलंय. मला तुम्ही एवढंच विचारलंत: "तिकडे साखरेवर कर आहे म्हणे, मग पोरांचं कोल्ड्रिंक परवडेल का? की इथूनच काही घेऊन येऊ?"

मी वाळवा तालुक्यातली, उसाच्या रानात वाढलेली. 2016 पासून इथे आहे, म्हणजे हा कर लागायच्या आधीची दुकानंही पाहिलीत आणि नंतरचीही. प्रश्न छोटा असला तरी सासूबाईंमुळे तो तुमच्या घरात मोठा होतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

परवडायचं म्हणाल तर परवडेल, त्याची काळजी नको. हा कर गोड पेयांवर आहे आणि तो गिऱ्हाईकाच्या बिलावर वेगळा लागत नाही, तो कारखानदाराकडून आणि आयात करणाऱ्याकडून घेतात. मार्च 2016 च्या बजेटमध्ये तेव्हाचे अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बर्न यांनी तो जाहीर केला आणि 6 एप्रिल 2018 ला तो सुरू झाला. 100 मिलीमध्ये 5 ग्रॅमपेक्षा कमी साखर असेल तर काहीच नाही, 5 ते 8 ग्रॅमला लिटरमागे 18 पेन्स (शंभर पेन्सचा एक पौंड), आणि 8 ग्रॅम किंवा त्याहून जास्त असेल तर 24 पेन्स. एप्रिल 2025 पासून हे दर 19.4 आणि 25.9 पेन्स झाले, आणि महागाईप्रमाणे पुढेही वाढणार आहेत. 25.9 च्या दराने नेहमीच्या 330 मिलीच्या कॅनमागे साडेआठ पेन्स होतात. त्याशिवाय 20 टक्के व्हॅट असतो, पण तो साखर नसलेल्या कोल्ड्रिंकवर, ज्यूसवर आणि बाटलीतल्या पाण्यावरही असतो. तेव्हा घरखर्च या करामुळे कोलमडणार नाही.

खरी गंमत त्या 5 ग्रॅमच्या रेषेत आहे. सरकारने कर जाहीर केला आणि लावायला दोन वर्षं दिली. त्या दोन वर्षांत निम्म्याहून जास्त कंपन्यांनी रेसिपीच बदलून टाकल्या. बहुतेकांनी साखर बरोबर रेषेच्या खाली आणून ठेवली. ल्युकोझेड एनर्जी, रायबीना या इथल्या गोड पेयांनी साखर साडेचारच्या आसपास आणली, फँटा ऑरेंजही तिथेच आहे. स्प्राइट 6.6 वरून 3.3 वर आलं. स्कॉटलंडचं लाडकं आयर्न-ब्रू जानेवारी 2018 मध्ये 10.3 वरून 4.7 वर आलं तेव्हा लोकांनी जुन्या रेसिपीचे कॅन साठवून ठेवले होते. आमच्या ऑफिसातल्या ग्लासगोच्या एका बाईंनी तर जिन्याखालचं अख्खं कपाट भरलं होतं. पेप्सीने बरीच वर्षं दम धरला, पण 2023 मध्ये तीही 4.55 वर आली. मूळ कोका-कोलाने मात्र रेसिपीला हात लावला नाही. त्यात आजही 10.6 ग्रॅम आहे. त्यांनी कर सोसला आणि पावणेदोन लिटरची बाटली दीड लिटरची केली. पहिल्या वर्षी या करातून 52 कोटी पौंड येतील असा सरकारचा मूळ अंदाज होता. पण कंपन्यांनी कर भरण्याऐवजी साखरच काढून टाकली, त्यामुळे तो अंदाज निम्म्याच्याही खाली आणावा लागला. माझ्या मते हेच या कायद्याचं यश आहे.

गिऱ्हाईकांनी काय केलं, असं विचाराल तर आमच्या घराचंच सांगते. आम्ही काहीच केलं नाही. शनिवारी ट्रॉलीत तीच नारिंगी बाटली पडायची, त्याच कप्प्यातली, त्याच नावाची. आमच्या पोटात जाणारी साखर निम्मी झाली आणि आम्हाला कळलंही नाही. देशभरातही बऱ्याच अंशी असंच झालं. संशोधकांनी लाखो खरेद्यांची नोंद तपासली, तेव्हा लोक कोल्ड्रिंक जवळपास पूर्वीइतकंच विकत घेत होते, फक्त त्यातली साखर घटली होती. 2015 ते 2020 या काळात, कर लागू होणाऱ्या पेयांमध्ये सरासरी साखर 46 टक्क्यांनी कमी झाली. महाग झालं म्हणून माणसं पाण्याकडे वळतील, असं आपण समजतो. थोडे वळलेही असतील. पण इथे मुख्यतः गिऱ्हाईक जागचं हललं नाही, बाटली हलली.

मला हे मनापासून पटतं, आणि उसवाल्याची मुलगी असून पटतं. मुलांच्या आरोग्याचा भार एकट्या आईच्या शिस्तीवर टाकला, तर ज्या आईला दोन शिफ्ट कराव्या लागतात तिचं पोर मागे पडतं. केंब्रिजच्या संशोधकांनी शाळांमधली वजनं-उंच्या तपासल्या, तेव्हा दहा-अकरा वर्षांच्या मुलींमधला लठ्ठपणा, कर नसता तर जितका असता त्यापेक्षा 8 टक्क्यांनी कमी दिसला, आणि हा फरक गरीब वस्त्यांमध्ये सर्वांत जास्त होता. मुलग्यांमध्ये तसा फरक दिसला नाही, हेही सांगायला हवं. किडलेले दात काढायला हॉस्पिटलात दाखल होणारी मुलं 12 टक्क्यांनी घटली. या देशात पाच ते नऊ वर्षांची मुलं हॉस्पिटलात दाखल होतात ती सर्वांत जास्त याच कारणाने. तुम्ही वॉर्डात काम करणार आहात, तुम्हाला ही मुलं भेटतीलच.

आता सासूबाईंचं. हा परिच्छेद मिस्टरांनाही वाचून दाखवा.

माझे वडील 2019 मध्ये आमच्याकडे आले होते, तेही इन्सुलिनवर. एका संध्याकाळी त्यांना दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले. शुगर लो झालीय हे कळलं. मी धावत जाऊन फ्रिजमधलं गोड पेय ग्लासभर दिलं, कारण गावाकडे आम्ही तेच करायचो. दहा मिनिटं झाली तरी फरक नाही. मग बाटली उलटी करून वाचली, तर 100 मिलीमध्ये एक ग्रॅमसुद्धा साखर नव्हती, सगळी गोडी स्वीटनरची, म्हणजे साखरेऐवजी घालतात त्या कृत्रिम गोडव्याची. चमचाभर साखर पाण्यात कालवून दिली, परत दिली, तेव्हा कुठे ते सावरले. ती दहा मिनिटं मी आजही विसरलेले नाही. चूक माझीच होती, मी जिभेवर विश्वास ठेवला होता.

तुम्ही नर्स आहात, शुगर लो झाली की 15 ते 20 ग्रॅम लगेच रक्तात जाणारी साखर लागते हे मी तुम्हाला सांगायला नको. पण ती कशातून द्यायची याचं गणित इथे बदललंय. जुन्या ल्युकोझेडमध्ये 100 मिलीला 17 ग्रॅम कर्बोदकं होती, अर्धा ग्लास पुरायचा. नव्यात 9 च्या जवळपास आहेत, म्हणजे जवळजवळ दुप्पट प्यावं लागतं. रेसिपी बदलली तेव्हा मधुमेहाच्या संस्थांनी रुग्णांना तसा इशाराही दिला होता. म्हणून ग्लुकोजच्या गोळ्या औषधाच्या दुकानातून आणून सासूबाईंच्या पर्समध्ये, पलंगाशेजारी आणि स्वयंपाकघरात ठेवा. संत्र्याच्या साध्या ज्यूसचे छोटे कार्टन ठेवा. आणि भारतातल्या नावावरून इथल्या बाटलीची साखर कधीही गृहीत धरू नका. निघायच्या आधी मिरजेतल्या बाटलीवरचा आकडा मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा आणि इथे आल्यावर शेजारी धरून बघा, म्हणजे पटेल.

आता करातून सुटलेल्या गोष्टी, कारण आपल्या घरांमध्ये साखर तिथूनच परत येते. निव्वळ फळांचा, वरून साखर न घातलेला ज्यूस करमुक्त आहे, पण त्यातही 100 मिलीला दहाएक ग्रॅम साखर असते. दूध 75 टक्के असेल तर मिल्कशेक, बाटलीतली लस्सी, चॉकलेटचं दूध यांनाही सध्या सूट आहे. ही सूट 1 जानेवारी 2028 पासून जाणार आहे आणि 5 ग्रॅमची रेषा साडेचारवर येणार आहे. म्हणजे आज रेषेखाली बसलेल्या काही बाटल्या तेव्हा पुन्हा बदलतील, तेव्हा लेबल पुन्हा वाचा. कॅफेत समोर बनवून दिलेल्या हॉट चॉकलेटला हा कर आजही नाही आणि तेव्हाही नसेल. 'कोल्ड्रिंक नको, मँगो लस्सी घे' म्हणणाऱ्या आया आमच्या गणपतीच्या कार्यक्रमात दरवर्षी भेटतात. मीही त्यातलीच होते. इथल्या आरोग्य खात्याच्या हिशोबाने सात ते दहा वर्षांच्या मुलाला दिवसाला वरून घातलेली नि ज्यूसमधली मिळून 24 ग्रॅम साखर म्हणजे कमाल, मोठ्यांना 30. मूळ कोकच्या एका कॅनमध्ये 35 ग्रॅम असते. तुमच्या मुलाचा एका कॅनमध्ये दिवस संपला.

स्वीटनरबद्दल माझं मत विचाराल तर मी रोज देत नाही. एवढ्या पेयांमधली साखर गेली ती बऱ्याच ठिकाणी अॅस्पार्टेम, सुक्रॅलोज अशांना जागा देऊन. जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये वजन आटोक्यात ठेवायला यांचा आधार घेऊ नका असा सल्ला दिलाय. वाढदिवसाला, सणाला चालतं. रोज नळाचं पाणी, ते इथे थेट पिण्यासारखं आहे.

भारतात याच्या उलट घडतं आणि त्याची मला खंत आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून आपल्याकडे फसफसणाऱ्या गोड पेयांवर 40 टक्के जीएसटी आहे. आधीही 28 टक्के आणि वर 12 टक्के उपकर मिळून तेवढाच होता. पण तो साखर मोजत नाही. साखर नसलेल्या कोलालाही 40 आणि साखरेने भरलेल्या कोलालाही 40. आणि आंब्याच्या गराचं, न फसफसणारं गोड पेय, त्यात कितीही साखर असली तरी 12 वरून 5 टक्क्यांवर आलं. मग कंपनीने साखर कमी का करावी? करातून पैसा येतो, पण बाटली बदलत नाही. इथे कमी दराचा कर आहे, पण पायऱ्यापायऱ्यांचा आहे. दोन्हीकडे राहिल्यामुळे मला हा फरक स्पष्ट दिसतो.

मुलांचं सांगायचं तर बऱ्याच प्राथमिक शाळांत डब्यासोबत फक्त पाण्याची बाटली चालते. मुलगी पाच वर्षांची आहे, तिला इंग्लंडच्या सरकारी शाळेत दुसरीपर्यंत दुपारचं जेवण मोफत मिळेल. मुलगा पहिले पंधरा दिवस चवीवरून कुरकुर करेल, "हे आपल्यासारखं नाही लागत" म्हणेल. ते खरंही आहे. भारतीय दुकानात थम्स अप, लिम्का आयात केलेलं मिळतं, महाग असतं, आणि साखर गावाकडच्यासारखीच असू शकते, तेव्हा तिथेही मागची बाजू वाचा. माझ्या मुलाला तीन महिन्यांत जुनी चव नकोशी झाली. सुट्टीत सांगलीला गेल्यावर त्याने अर्धा ग्लास तसाच ठेवला होता.

आणि काय आणू म्हणालात ना? बाटल्या, पावडरी काही नको, वजन फुकट जातं. तूप, पेढे, खवा तर आणूच नका, दुधाचे पदार्थ सामानात आणायला बंदी आहे. आमसुलं आणा, अर्धा किलो तरी, आणि घरचं भाजलेलं जिरं. साखर इथे मिळते, सरबतात किती घालायची ते तुमच्या हातात राहील.