तुमचा सवाल : धुऱ्याचं भांडण अन् क्रिमिनॉलॉजीची डिग्री

सोयाबीन सोंगणीच्या धामधुमीतही पत्रं भरपूर आली. तीन घेतेय. पहिल्याचं उत्तर लांबलंय, चालवून घ्या.

सवाल : ताई नमस्कार. मी दारव्हा तालुक्यातली, बीए फायनलला आहे. मागच्या उन्हाळ्यात धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, काकांसोबत वाद झाला, ढकलाढकली झाली, बाबांच्या हाताला मुका मार लागला. ठाण्यात गेलो तर त्यांनी एनसी घेतली, हातात एक कागद दिला अन् म्हणे आता कोर्टात जा. तो कागद मी दहादा वाचला, काही समजलं नाही. तेव्हापासून मनात बसलं की हेच शिकायचं. मोबाईलवर क्रिमिनल जस्टिस, क्रिमिनॉलॉजी, फॉरेन्सिक सगळं बघते अन् जास्तच गोंधळते. आई म्हणते, पोरीच्या जातीले ठाण्याकोर्टात काय करा लागते. बाबा म्हणतात शीक, पण नोकरी लागल असं शीक. तीन एकर कोरडवाहू आहे, नागपूरला रूम करून राहणं जमणार नाही. नेमकं काय शिकू?

उत्तर : आधी तो कागद घेऊ, कारण तुझं शिक्षण तिथूनच सुरू झालंय. मुका मार, शिवीगाळ, पाहून घेईन अशी धमकी, हे आपल्याकडच्या धुऱ्याच्या भांडणाचं ठरलेलं जेवण. त्याची आयपीसीतली, म्हणजे जुन्या दंड संहितेतली, कलमं तीनशे तेवीस, पाचशे चार, पाचशे सहा, हे आकडे गावात शाळा न शिकलेल्या म्हाताऱ्यालाही पाठ असतात. हे अदखलपात्र गुन्हे, म्हणजे मॅजिस्ट्रेटच्या ऑर्डरशिवाय पोलीस त्याचा तपास करू शकत नाहीत, म्हणून नुसती नोंद, म्हणजे एनसी, घेऊन तुम्हाला कोर्टाचा रस्ता दाखवतात. ठाणेदारानं टाळलं असं तुम्हाला वाटलं असेल, पण इथे कायदाच तसा आहे. अन् 1 जुलै 2024 पासून हे आकडेही बदलले, 323 चं 115 झालं, 504 चं 352, 506 चं 351. आयपीसीची 511 कलमं जाऊन भारतीय न्याय संहितेची 358 आली, सीआरपीसी, म्हणजे तपास अन् खटला कसा चालवायचा त्याचा कायदा, अन् पुराव्याचा कायदाही नवा झाला. जमादाराच्या तोंडात अजून जुनेच आकडे आहेत, माझ्याही आहेत, पण तू सेकंडहँड पुस्तक घेशील तर आधी कव्हर बघ बाई, नाहीतर स्वस्तात मेलेला कायदा घरी आणशील.

आता क्रिमिनल जस्टिस. हा शब्द तिकडे अमेरिकेत एका डिग्रीचं नाव म्हणून चालतो, पोलीस, कोर्ट, जेल सगळं एकाच छताखाली शिकवतात. आपल्याकडे त्या नावाची डिग्री घेतली म्हणून कोणतंच दार उघडत नाही, हे कोणी सांगत नाही म्हणून मी सांगते. आपल्याकडे केस एका हातातून दुसऱ्या हातात जाते, ठाणं, लॅब, सरकारी वकील, न्यायाधीश, जेल, अन् जेलमधून सुटल्यावरचं जगणं, अन् या प्रत्येक हाताची भरती वेगळी, परीक्षा वेगळी. म्हणून डिग्री कोणती हे नंतर, तुला यातल्या कोणत्या जागी उभं राहायचंय ते आधी.

वर्दी पाहिजे असेल तर पीएसआयला कोणतीही डिग्री चालते, तुझं बीए पुरेसं आहे, एमपीएससी दे अन् पळायला लाग. क्रिमिनॉलॉजीचं, म्हणजे गुन्हेगारीशास्त्राचं, एमए केल्यानं तिथे एक मार्क जास्त मिळत नाही.

पण तुझ्या पत्रात वर्दी दिसत नाही मला. तुला कागद समजत नाही याचा राग आलेला दिसतो. तो राग असेल तर एलएलबी. बीएनंतर तीन वर्षांचं, त्यासाठी एमएच-सीईटी ही राज्याची प्रवेश परीक्षा द्यावी लागते, डिग्रीला ओपनमधून 45 टक्के पाहिजेत, ओबीसीला 42, एससी-एसटीला 40. नागपूरलाच जा असं काही नाही, यवतमाळला, अमरावतीला लॉ कॉलेजं आहेत, दारव्ह्याहून यवतमाळ एसटीनं जाणं-येणं होते. फीचं म्हणशील तर घरचं उत्पन्न 8 लाखांच्या आत असलेल्या ओबीसी, एसईबीसी अन् ईडब्ल्यूएसच्या मुलींना व्यावसायिक कोर्ससाठी 2024 पासून सरकारनं शिक्षणाची अन् परीक्षेची पूर्ण फी माफ केलीय, पण प्रवेश कॅप राऊंडमधून, म्हणजे सरकारी केंद्रीय फेरीतून, झालेला पाहिजे, मॅनेजमेंट कोट्यातून घेतला की गेलं. एससी-एसटीची स्कॉलरशिप वेगळी आहे. महाडीबीटी या सरकारी वेबसाइटवर फॉर्म भरताना उत्पन्नाचा दाखला जुना लावू नको, पोरी तिथेच अडकतात.

एलएलबीनंतर वकिली, पुढे एमपीएससीतून सरकारी वकील, नाहीतर न्यायाधीश. न्यायाधीशाचं एक लक्षात ठेव, मे 2025 मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की खालच्या कोर्टात न्यायाधीश व्हायला आधी तीन वर्षं वकिली केलेली पाहिजे. म्हणजे डिग्री हातात पडली की थेट परीक्षा हे आता बंद. बऱ्याच पोरांना हे आवडलं नाही, मला मात्र पटलं, का ते सांगते.

मी वकिलीत नवीन होते तेव्हाची गोष्ट. कुऱ्हाडीनं मारल्याची केस, मी आरोपीकडून. पंच, म्हणजे पंचनाम्याचा साक्षीदार, म्हणून गावातला एक म्हातारा कास्तकार, धोतर, टोपी, पेशीसाठी सकाळच्या गाडीनं उपाशीच आलेला. पंचनाम्यात लिहिलं होतं की आरोपीनं कुऱ्हाड कडब्याच्या गंजीतून काढून दिली अन् ती पंचांसमोर सील केली. मी विचारलं, बाबा, कुऱ्हाड कुठून काढली? तो माझ्याकडे बघे, न्यायाधीशांकडे बघे, मग म्हणाला, "मले का मालूम बाई, मी त चौकात चहा पिऊन राहिलो होतो, जमादारानं बलावलं, सही कर म्हणे, मी देल्ली." कोर्टात लोक हसले. आरोपी सुटला. मी केस जिंकले, अन् घरी येताना एसटीत माझ्या पुढच्या सीटवर ज्याला मार लागला होता त्याची बायको बसली होती, तिनं मागे वळून एकदा पाहिलं फक्त. आता हे कोणत्या पुस्तकात शिकवतात? म्हातारा खोटं नाही बोलला, उलट अख्ख्या केसमध्ये खरं बोलणारा तोच एक होता. केस कोर्टात नाही पडत बाई, ती पंचनाम्याच्या दिवशी चौकातल्या चहाच्या टपरीवर पडते. हे ज्यानं बघितलं नाही त्याला खुर्चीवर बसवू नये असं मला वाटते.

नव्या कायद्यात झडतीचं अन् जप्तीचं व्हिडिओ शूटिंग करावं लागते, पोलिसांना त्यासाठी ई-साक्ष्य नावाचं ॲप दिलंय. चांगलं आहे. तुमच्या गावात रेंज कुठे येते ते तूच मला सांग.

अन् एक रस्ता आहे जो कोणी सांगत नाही, सोशल वर्कचा. तू सोशॉलॉजी घेतली असशील तर हा तुझ्याच अंगणातला. मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये, ज्याला टिस म्हणतात, क्रिमिनॉलॉजी अँड जस्टिस हा विषय सोशल वर्कच्या एमएत शिकवतात, त्यांचा प्रयास नावाचा प्रकल्प 1990 पासून जेलमधल्या अन् सुटलेल्या लोकांसोबत काम करतोय. यातून परिविक्षा अधिकारी (शर्तीवर सोडलेल्यांवर लक्ष ठेवणारा), बालगृह, बाल न्याय मंडळ (अल्पवयीन आरोपींच्या केसेस बघणारं) असे रस्ते निघतात. बाल न्याय मंडळात एका मॅजिस्ट्रेटसोबत दोन समाजकार्यकर्ते बसतात हे पुष्कळ वकिलांनाही मी समजावून सांगितलंय. शिवाय न्याय संहितेत आता समाजसेवा ही शिक्षाच आलीय, 5 हजारांच्या आतली चोरी, पहिल्यांदाच, माल परत दिला, तर जेल नाही, समाजसेवा. ती सेवा कोण करवून घेणार, कोण बघणार, याला माणसं लागतीलच ना. पगार फार नाही हे आधीच सांगते. बाबांना नोकरी पाहिजे, तर त्यांना हा रस्ता सांगताना जरा दमानं सांग.

शुद्ध क्रिमिनॉलॉजीच करायची तर आपल्याला जवळ मध्यप्रदेशातलं सागर पडते, तिथल्या विद्यापीठात क्रिमिनॉलॉजी अन् फॉरेन्सिकचा जुना विभाग आहे. प्राध्यापकी, रिसर्च करायचा असेल तरच.

आईला काय सांगायचं? त्यांना वडसाची गोष्ट सांग. 1972 साली देसाईगंज, म्हणजे आपल्या वडसाच्या ठाण्यात, एका आदिवासी मुलीवर पोलिसांनीच अत्याचार केल्याची केस झाली, तिच्या नावावरून मथुरा प्रकरण म्हणतात त्याला, तेव्हा तो भाग चांदा जिल्ह्यात होता. सेशन कोर्टानं आरोपींना सोडलं, नागपूर खंडपीठानं शिक्षा दिली, सुप्रीम कोर्टानं परत सोडलं, म्हणे अंगावर खुणा नाहीत, आरडाओरडा नाही. 1979 मध्ये कायदा शिकवणाऱ्या चार जणांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, त्यात वसुधा धागमवार अन् रघुनाथ केळकर ही आपली दोन मराठी माणसं. देशभर बाया रस्त्यावर आल्या अन् 1983 मध्ये कायदा बदलला, पोलिसाच्या ताब्यातली बाई कोर्टात म्हणाली की माझी संमती नव्हती, तर कोर्ट ते धरून चालणार. पोरीच्या जातीले ठाण्याकोर्टात काय करा लागते, तर हे करा लागते.

आता काम सांगते. परीक्षा झाली की दहा दिवस दारव्ह्याच्या कोर्टात जाऊन मागे बस. कोर्ट सगळ्यांना उघडं असते, बंद दाराआडच्या केसेस सोडून कोणी हटकणार नाही, फक्त मोबाईल बंद ठेव अन् रेकॉर्डिंग करू नको. पुकारा झाल्यावर कोण उठते, किती लोकांना पुढची तारीख घेऊन घरी जावं लागते, आरोपीसोबत डबा घेऊन कोण आलंय, ते वहीत लिही. कोर्टाच्या आवारातच तालुका विधी सेवा समिती असते, तिथे पॅरा लीगल व्हॉलंटिअर घेतात का विचार, कामाच्या दिवसाचं थोडं मानधनही मिळते. बाबांनाही सांग, एनसीतून पुढे काही करायचं असेल तर तिथे वकील फुकट मिळतो, बाईला तर उत्पन्नही विचारत नाहीत. दहा दिवसांनी कंटाळा आला तर पीएसआयची तयारी कर. नाही आला तर सीईटीचा फॉर्म भर.

सवाल : मी वरोऱ्याचा, बारावी सायन्स. मला फॉरेन्सिकमध्ये जायचं आहे. एक ऑनलाईन संस्था सहा महिन्यांचा क्राईम सीन डिप्लोमा 85 हजारात देते अन् शंभर टक्के नोकरी म्हणते. घेऊ का?

उत्तर : नको घेऊ. सहा महिन्यांच्या ऑनलाईन सर्टिफिकेटवर सरकारी लॅबमध्ये कोणी उभं करत नाही, तिथे सायन्सची रीतसर डिग्री मागतात, अन् बऱ्याच जागांना साधी केमिस्ट्रीची डिग्रीही चालते. त्या 85 हजारांत बीएस्सी होऊन उरतील.

नागपूरला शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आहे, तिथे फॉरेन्सिकची बीएस्सी होते. राष्ट्रीय फॉरेन्सिक सायन्स विद्यापीठ गुजरातचं, त्याचं कॅम्पसही आता नागपुरात आलंय, त्याची एंट्रन्स एनएफएटी. काम वाढणार आहे हे खरं, कारण नव्या कायद्यानं सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिकवाल्यानं जागेवर गेलंच पाहिजे असं केलंय, राज्यांना त्यासाठी पाच वर्षांपर्यंत मुदत दिलीय.

पण सिरीयलमधलं डोक्यातून काढ. आपल्याकडचं फॉरेन्सिक म्हणजे बहुतेक वेळा व्हिसेरा. विषारी औषधाची शंका असली की पीएममध्ये पोटातले अवयव काढून मिठाच्या घट्ट पाण्यात बरणीत भरतात, लाखेचं सील, लेबल, अन् ती बरणी घेऊन एखादा शिपाई एसटीनं नागपूर नाहीतर अमरावतीच्या लॅबला जातो. त्या रिपोर्टसाठी इन्शुरन्सचे पैसे अडकून बसलेली कास्तकाराची बायको मी पाहिलीय. 2017 मध्ये यवतमाळात कपाशीवर फवारताना मजूर मेले तेव्हा कोणतं औषध अंगात गेलं हाच सवाल होता. तुला ती बरणी उघडायची आहे का, ते बघ. हो असेल तर केमिस्ट्री पक्की कर.

सवाल : उमरखेडकडचा आहे, पोलीस भरतीची तयारी करतो. 1600 मीटर बसलं. पण दोन वर्षांआधी धुऱ्याच्या भांडणात तक्रारीत आमच्या सगळ्या भावांची नावं टाकली होती. मित्र म्हणतात फॉर्ममध्ये लिहूच नको.

उत्तर : भाऊ, मित्रांचं ऐकू नको. चारित्र्य पडताळणीला तुझ्याच ठाण्यातून रिपोर्ट जातो, तिथे नाव निघणारच. लपवलं तर लपवल्याचंच वेगळं धरतात. 2016 मध्ये अवतार सिंग केसमध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की किरकोळ गुन्हा असेल अन् उमेदवारानं तो खरा सांगितला असेल तर साहेबांनी डोकं वापरून ठरवावं, सरसकट काढू नये. म्हणजे नोकरीची गॅरंटी नाही, पण खरं सांगणाऱ्याला जागा आहे.

आधी एनसी आहे का गुन्हा दाखल आहे ते ठाण्यातून काढ, दोन्हीत फार फरक आहे. मग फॉर्ममधला प्रश्न नीट वाच, गुन्हा दाखल आहे का विचारलंय का शिक्षा झालीय का विचारलंय. मुका मार, शिवीगाळ, साधी धमकी एवढंच असेल तर समोरच्यासोबत कोर्टात आपसी तडजोड होते, लोकअदालतीच्या तारखेला लावून घे, ऑर्डरची सही-शिक्क्याची नक्कल काढ अन् दोन झेरॉक्स करून ठेव. समोरचा तयार होत नसेल तर तुमच्या पोलीस पाटलाला मधात घे, पण आधी त्या धुऱ्यावरचे दोन तास, म्हणजे नांगराच्या दोन ओळी, सोडायची तयारी ठेवूनच जा त्याच्याकडे.