बुद्धिबळाच्या इंग्लिश ओपनिंगमध्ये (पांढऱ्याचं पहिलं प्यादं सी४ घरात) सी४ ला सी५ आलं की गेम कंटाळवाणाच होतो का?

तुमचं म्हणणं असं की काळ्याने सी५ खेळून नक्कल केली की दोन्ही बाजू सारख्याच, मग शेवटी ड्रॉच होणार. अजिबात नाही हो. एक गेम सांगतो, पट लावूनच बघा: पेट्रोशियन विरुद्ध कोर्चनोई, क्युरासाओ, १९६२ ची कॅन्डिडेट्स, म्हणजे जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणारी स्पर्धा. २१ चालींत खलास, आणि जिंकला कोण तर पेट्रोशियन, ज्याचं नाव काढलं की लोक नुसतं बचाव बचाव करतात.

सी४ सी५ (नुसतं घर लिहिलंय तिथे प्याद्याची चाल समजा), मग दोघांचे राजाकडचे घोडे बाहेर, इथपर्यंत पट आरशासारखा. तिसऱ्या चालीला पांढऱ्याने डी४ ढकललं, काळ्याने ते मारलं, संपली सिमेट्री. पुढे कोर्चनोईचा वजीर ए५ ला गेला, बी४ ने हाकलला तर ई५ ला आला, एफ४ ने हाकलला तर गपचूप बी८ ला जाऊन बसला, त्यात एफ८ चा उंट बी४ ला जाऊन परत ई७ ला. एवढ्या चाली यातच गेल्या आणि राजा अजून मधेच, कॅसलिंग (राजाला हत्तीच्या आड सुरक्षित नेण्याची चाल) राहिलेलं, सी८ चा उंट नि ए८ चा हत्ती जागचे हललेच नाहीत.

१५ वी चाल: उंटाने एफ७ चं प्यादं मारलं, शह! राजाने उंट खाल्ला, बी३ वरून वजीराचा शह, राजा परत ई८ ला. इथून पुढचं मला जास्त आवडतं, कारण पेट्रोशियन शहामागून शह देत सुटत नाही, एक घोडा डी५ ला, दुसरा ई६ ला आणून बसवतो. मग डी५ वाला सी७ ला शह देत, राजा ई७ ला, आणि ई६ चा घोडा चक्क मागे डी४ ला! आता सी६ वर राजा-वजीर दोघांवर फोर्क, म्हणजे एकाच घोड्याचा एकदम हल्ला, येतोय, शिवाय बी३ च्या वजीराला ई६ चा रस्ता मोकळा. राजा एफ८ ला पळाला, सी७ च्या घोड्याने कोपऱ्यातला हत्ती खाल्ला, कोर्चनोईने गेम सोडला.

पांढरा कायम एक चाल पुढे असतो, त्यामुळे मधला भाग आधी उघडायची संधी त्याला मिळते, आणि शह आला की नक्कल करताच येत नाही. हां, दोघांनीही वजीराकडचे घोडे काढून, जी३-जी६ करून उंट जी२-जी७ ला बसवले तर सारखेपणा बराच वेळ टिकतो, तिथे ए३, हत्ती बी१, बी४ असं हळूहळू सरकायचं असतं, गेम लांबतो. तुम्हाला मारामारी हवी असेल तर तिसऱ्या चालीलाच डी४ खेळा.