एका प्रथिनाचा सांधा निखळतो तेव्हा

प्रश्न : माझ्या बहिणीच्या दीड वर्षाच्या मुलाला सातव्या महिन्यापासून वरचेवर न्यूमोनिया होतो, कान फुटतो. तपासणीत ‘बीटीके’ जनुकात दोष निघाला. एका प्रथिनामुळे एवढे कसे बिघडते? (एक वाचक भगिनी, कोथरूड, पुणे)

उत्तर : प्रतिपिंडे तयार करणाऱ्या बी पेशींची वाढ प्रथिनांनी एकमेकांना पोचवलेल्या निरोपावर अवलंबून असते. बीटीके जनुकावरून बनणारे त्याच नावाचे प्रथिन या निरोप्यांपैकीच एक. पेशीच्या पृष्ठभागावरून इशारा आला, की बीटीके पेशीपटलाला आतून चिकटते, तेथे दुसरे प्रथिन त्याला फॉस्फेट जोडून जागे करते आणि मग ते पुढच्या प्रथिनाला कामाला लावते. काही रुग्णांत या प्रथिनाच्या साखळीत २८व्या स्थानी आर्जिनिन या अमिनो आम्लाऐवजी सिस्टीन हे दुसरे अमिनो आम्ल आलेले असते. एवढ्यानेच बीटीकेची पटलावरची पकड सुटते आणि बी पेशी अस्थिमज्जेतच अडून राहतात. टॉन्सिल मुख्यतः बी पेशींनीच भरलेले असल्याने अशा मुलाच्या घशात डोकावले, तर ते जवळजवळ दिसतच नाहीत. पहिले काही महिने आईकडून आलेली प्रतिपिंडे बाळाला सांभाळतात, म्हणून आजार उशिरा उघड होतो.

अमेरिकी बालरोगतज्ज्ञ ब्रुटन यांनी १९५२ मध्ये वर्णिलेल्या या विकाराचे जनुक १९९३ मध्ये सापडले. बाहेरून नियमित इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडे) दिल्यास मुले शाळेत जातात, मोठी होतात. मात्र पोलिओचे तोंडी थेंब आपल्या भाच्याला मुळीच देऊ नयेत, हे लसीकरण केंद्रावर आवर्जून सांगावे. दोष एक्स गुणसूत्रावर असल्याने बहीण वाहक असेल, तर आपणही असू शकता. आपली तपासणी जनुकतज्ज्ञांकडून अवश्य करून घ्यावी.