आयडलिंग उतरत नसेल तर आधी हवेची वाट शोधा

प्रश्न : माझी जुनी टू-स्ट्रोक स्नोमोबिल आहे, दोन सिलिंडर आणि दोन कार्बोरेटरची. मागच्या हिवाळ्यात ती १७००-१८०० आरपीएमवर शांत उभी राहायची. यंदा सुरू केल्यावर थोडा वेळ बरी चालते, पण इंजिन तापलं की थ्रॉटल सोडूनही काटा ३०००च्या खाली येत नाही. कधी कधी गाडी आपोआप पुढे सरकू बघते. आयडल स्क्रू जवळजवळ पूर्ण मागे फिरवला, तरी फरक नाही. कार्बोरेटर साफ करून घेऊ का?
– एक वाचक

उत्तर : कार्बोरेटरचं नंतर बघू. आधी एक विनंती, दोष सापडेपर्यंत ही गाडी चालवू नका. गाडी सरकते म्हणजे क्लच बेल्ट पकडायच्या बेतात आहे आणि समोर माणूस असला तर ते जिवावर बेतू शकतं. दुसरा धोका इंजिनाला आहे, त्याचं पुढे सांगतो.

तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट आहे ती स्क्रूची. आयडल स्क्रू म्हणजे कार्बोरेटरमधल्या स्लाइडला (वर-खाली सरकून हवेची वाट उघडणारा-मिटवणारा भाग) खालून दिलेला टेकू. तो मागे घेतला की स्लाइड पूर्ण खाली बसायला हवी आणि इंजिन बंदच पडायला हवं. तुमचं बंद पडत नाही. म्हणजे एकतर स्लाइड खाली बसत नाहीये, नाहीतर इंजिन कार्बोरेटरला वगळून भलतीकडूनच हवा ओढतंय.

पहिली शक्यता लगेच तपासून होते. इंजिन बंद ठेवून थ्रॉटल दाबा आणि सोडा. दोन्ही स्लाइड खाली आपटल्याचा ‘टक’ असा स्पष्ट आवाज आला पाहिजे. हँडल पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे वळवून हेच करा. हँडल वळवल्यावर केबल ताणली जात असेल तर ती चुकीच्या जागेतून गेली आहे किंवा तिला ढील उरलेली नाही. केबलच्या तारा टोकाशी विसकटल्या असतील तर ती बदलाच. बाहेर भुरभुरीत बर्फात गाडी चालवली की कार्बोरेटरमध्ये शिरलेला बर्फ वितळून पुन्हा गोठतो आणि स्लाइड अडकते, तेही लक्षात ठेवा. पण तुमचा त्रास इंजिन तापल्यावर वाढतो, म्हणून माझा संशय दुसरीकडे आहे.

कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामध्ये जाड रबरी बूट असतात. वरून ते छान काळेभोर दिसतात. क्लॅम्प सैल करा, बूट काढा आणि उजेडात धरून दोन्ही अंगठ्यांनी वाकवा. क्लॅम्पच्या कडेखाली, जिथे एरवी नजर पोचत नाही, तिथे केसाएवढी चीर उघडते. थंड असताना ही चीर मिटलेली असते, रबर तापून मऊ झालं की तोंड उघडते. प्रायमरची (थंड इंजिन सुरू करताना जादा पेट्रोल देणाऱ्या हातपंपाची) नळी असेल तर तीही चिरलेली नाही ना बघा.

ही बाहेरची हवा आली की तिच्या प्रमाणात पेट्रोल येत नाही. इंजिनाची रेस वाढते, ज्वलन जास्त तापतं आणि पुढे पिस्टनचा माथा जळतो किंवा पिस्टन सिलिंडरमध्ये धरतो. रेस चढलेली असताना चोक किंचित ओढून बघा. आरपीएम खाली आले तर पेट्रोल कमी पडत होतं, असा संशय बळावतो. स्पार्क प्लगही काढून शेजारी शेजारी ठेवा. टू-स्ट्रोकमध्ये प्रत्येक सिलिंडरचा क्रँककेसचा (सिलिंडरखालच्या, क्रँक फिरतो त्या पेटीचा) कप्पा वेगळा असतो, त्यामुळे एक प्लग तपकिरी आणि दुसरा पांढरट दिसला तर गळती कुठल्या बाजूला आहे ते समजतं.

चालू इंजिनावर स्प्रे मारून गळती शोधायची पद्धत बरेच जण सांगतात. तापलेल्या सायलेन्सरजवळ पेटणारा स्प्रे मारणं मला पटत नाही. त्याऐवजी प्रेशर टेस्ट करून घ्या : कार्बोरेटर आणि एक्झॉस्टची तोंडं बंद करून इंजिनात साधारण ६ पीएसआय दाबाची हवा भरायची आणि सांध्यांवर साबणाचं पाणी लावायचं. बूट धडधाकट निघाले तर क्रँकच्या ऑइल सीलचा, म्हणजे क्रँकच्या टोकांशी हवा अडवणाऱ्या रबरी कड्यांचा नंबर. क्लचकडची सील क्लच काढल्यावर दिसते, पण मॅग्नेटोकडची (वीज तयार होते त्या टोकाची) फ्लायव्हीलमागे लपलेली असते आणि तीच बघायची राहून जाते. सील बदलणं घरचं काम नव्हे, चांगल्या मेकॅनिककडे द्या.

आता तुमचा प्रश्न. पायलट जेट (आयडलला पेट्रोल देणारं बारीक भोक) तुंबल्यानेही पेट्रोल कमी पडतं आणि रेस हळू उतरते, म्हणून कार्बोरेटरची सफाई वाया जाणार नाही. पण स्लाइड पूर्ण बंद असताना नुसत्या तुंबलेल्या जेटने ३००० आरपीएम गाठले जात नाहीत. त्यासाठी हवा लागते.

दुरुस्ती झाली की मागे घेतलेला स्क्रू तसाच सोडू नका. दोन्ही स्लाइड एकाच वेळी उचलल्या जातात ना ते जुळवा, मग मॅन्युअलमध्ये दिलेल्या आकड्यावर आयडल लावा. आणि केबलला हात लागला असेल तर ऑइल पंपाच्या खुणा जुळतात का तेही बघा, कारण बऱ्याच गाड्यांत तो पंप थ्रॉटलबरोबरच हलतो आणि खूण मागे राहिली तर इंजिनाला तेल कमी मिळतं.