रँक वर गेली म्हणजे देश सुधारला का?

प्रश्न: स्पर्धात्मकतेच्या यादीत डेन्मार्क, स्वित्झर्लंड कायम वर आणि ग्रीस, इटली खाली, हे नक्की मोजतात कसं? रँक वाढली की सुधारणा झाल्या असं धरायचं का?

उत्तर: लगेच नको. स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या आयएमडी या मॅनेजमेंट शिकवणाऱ्या संस्थेची यादी घ्या, तिच्यात सरकारी आकडे असतात तशी त्या त्या देशातल्या मॅनेजर लोकांची मतंही असतात, त्यामुळे मंडळींचा मूड बिघडला की रँक घसरते, आणि शेजारचे दोन देश घसरले की तुम्ही काही न करता वर! जीडीपीवर जाऊ म्हणाल तर आयर्लंड बघा, २०१५ मध्ये तिथला जीडीपी एका वर्षात २५ टक्क्यांहून जास्त वाढला, का तर बड्या कंपन्यांनी आपले पेटंट वगैरे कागदोपत्री तिकडे हलवले, लोकांच्या खिशात त्यातलं फारसं काही आलं नाही, शेवटी त्यांच्याच सांख्यिकी ऑफिसला वेगळा सुधारित आकडा काढावा लागला.

सुधारणा मोजणं तर अजून अवघड. २००० साली लिस्बनमध्ये युरोपियन युनियनने ठरवलं की दहा वर्षांत जगातली सगळ्यात स्पर्धात्मक ज्ञानाधारित अर्थव्यवस्था व्हायचं, मग संशोधनावर जीडीपीच्या ३ टक्के खर्चाचं टार्गेट आलं, आणि २०१० उजाडलं तेव्हा गाडी २ च्या आसपासच. टार्गेट सगळ्यांचं म्हणजे कुणाचंच नाही, दुसरं काय.

म्हणून कोविडनंतर युरोपियन युनियनने देशांसाठी काढलेल्या २०२१ च्या रिकव्हरी फंडात पैसा टप्प्याटप्प्याने, ठरलेलं काम झालं की द्यायचं ठरलं. पण त्यातही बरेच टप्पे 'कायदा लागू झाला' एवढ्यावरच पूर्ण धरतात. मला इटलीचं कोर्टांचं टार्गेट जास्त पटतं, दिवाणी खटल्यांना लागणारा वेळ २०१९ च्या तुलनेत ४० टक्के कमी करायचा, म्हणजे तारखांवर तारखा खाणाऱ्या माणसाला फरक जाणवेल असं काहीतरी मोजलं जातंय.

प्रश्न: मग जर्मनीच्या हार्ट्झ सुधारणा, म्हणजे बेरोजगार भत्ता आणि नोकऱ्यांच्या नियमांतले बदल, यशस्वी झाल्या असं तरी म्हणता येईल ना?

उत्तर: बऱ्यापैकी. कायदे २००३ ते २००५ मध्ये आले, २००५ मध्ये बेरोजगारी उलट ११ टक्क्यांवर गेली होती, त्या वर्षीचा आकडा बघून कुणीही नापासच केलं असतं, पुढे ती उतरत गेली. पण पगारवाढ आवरती घेणं युनियन आणि कंपन्यांनी त्याच्या आधीपासूनच सुरू केलं होतं, त्यामुळे सगळं श्रेय हार्ट्झ सुधारणांना द्यायचं का यावर अर्थतज्ज्ञ अजून भांडतायत.